जुन्या पिकअपच्या केबिनमध्ये शिरणारे पावसाचे पाणी: उगम शोधण्यापासून दुरुस्तीपर्यंत

पाऊस पडून गेल्यावर पिकअपचे दार उघडले आणि पायाखालची मॅट ओली लागली, तर बहुतेक जण ती उचलून वाळत टाकतात आणि पुढच्या पावसापर्यंत विषय विसरून जातात. ओली मॅट हा या दुखण्याचा सर्वांत निरुपद्रवी भाग आहे. मॅटखाली कार्पेट, कार्पेटखाली स्पंजचे किंवा तागाचे जाड अस्तर आणि त्याखाली तळाचा पत्रा अशी रचना असते. वरून हात लावल्यावर कोरडे वाटणारे कार्पेट खालच्या अस्तरात काही लिटर पाणी आठवडेच्या आठवडे धरून ठेवू शकते. काही पिकअपमध्ये कार्पेटऐवजी रबराचा अखंड थर असतो आणि तिथे परिस्थिती आणखी वाईट होते, कारण खाली साचलेले पाणी दिसत नाही आणि वाळतही नाही. त्या ओलीत तळाचा पत्रा गंजतो, आसनांचे आणि सीटबेल्टचे बोल्ट ज्या पत्र्यावर आवळलेले असतात तो कमकुवत होतो, वायरिंगच्या जोडांवर हिरवट क्षार चढतो आणि आसनाखाली किंवा पायाजवळच्या कोपऱ्यात बसवलेली इलेक्ट्रॉनिक नियंत्रणपेटी एक दिवस कारण न कळता बंद पडते.

हा लेख अशी गळती पहिल्यांदाच स्वतः शोधायला आणि दुरुस्त करायला निघालेल्या वाचकासाठी आहे. यातले बहुतेक काम साध्या हत्यारांनी होते. वेळ मात्र लागतो, आणि तो मुख्यतः शोधण्यात जातो. माझा पहिला अनुभव सांगतो: पायाशी पाणी दिसले म्हणून मी पुढच्या काचेच्या कडेने सीलंट भरले, ते वाळल्यावर पुन्हा भरले, आणि तरीही पाणी येतच राहिले. ते पाणी केबिनच्या मागच्या बाजूला, छताजवळच्या ब्रेकदिव्यातून आत येऊन, मागच्या पत्र्यावरून आसनाखाली उतरून, उतारावर उभ्या असलेल्या गाडीत पुढे वाहत आले होते. पाणी जिथे दिसते ती जागा आणि ते जिथून शिरते ती जागा यांत सहज एक मीटर अंतर असू शकते. त्यामुळे वाट सापडल्याशिवाय सीलंटच्या नळीचे टोपण उघडू नये.

हे पाणी पावसाचेच आहे का

केबिनमध्ये तीन प्रकारचे पाणी येऊ शकते आणि तिन्हींचे उपाय निरनिराळे आहेत. एसी चालू असताना त्याच्या आतल्या थंड जाळीवर हवेतली वाफ जमून पाणी होते आणि ते एका लहान नळीने गाडीखाली सांडते. ही नळी धुळीने किंवा चिखलाने तुंबली की तेच पाणी डॅशबोर्डखालून आत उतरते. असे पाणी स्वच्छ असते, त्याला वास नसतो आणि ते कोरड्या, उकाड्याच्या दिवशीही येते. दुसरा प्रकार हीटरच्या रेडिएटरचा. त्यातून इंजिन थंड ठेवणारा द्रव गळत असेल, तर ओल बोटांना चिकट लागते, तिला गोडसर वास असतो, पुढच्या काचेवर आतून तेलकट धुके धरते आणि कूलंटच्या टाकीतली पातळी हळूहळू उतरत जाते. हा द्रव विषारी असून त्याची गोडसर चव मुले आणि पाळीव प्राणी यांना भुलवू शकते, त्यामुळे तो दिसताच पुसून घ्यावा आणि गाडी मेकॅनिककडे न्यावी. ही दोन्ही कारणे नसतील आणि ओल फक्त पावसानंतर किंवा गाडी धुतल्यानंतर दिसत असेल, तर ती पावसाची गळती समजून पुढे जावे.

आधी केबिन उघडी करून वाळवा

ओल्या केबिनमध्ये नवी ओल ओळखता येत नाही, म्हणून शोध सुरू करण्यापूर्वी सर्व काही वाळवणे आवश्यक आहे. मॅट बाहेर काढा, दाराच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या उचकटून किंवा स्क्रू काढून बाजूला ठेवा, पायाजवळच्या कडेची आवरणे काढा आणि कार्पेट कडेने उचलून खालचे अस्तर दाबून पाहा. अस्तरातून पाणी निथळत असेल, तर कार्पेट गाडीत ठेवून ते पूर्ण वाळेल ही आशा सोडावी. आसने काढून कार्पेट आणि अस्तर बाहेर घ्यावे आणि मोकळ्या हवेत उलटे पसरावे.

आसने काढताना एक काळजी घ्यावी लागते. आसनाखाली पिवळ्या रंगाचे वायरजोड दिसले, तर ते एअरबॅगशी किंवा सीटबेल्ट घट्ट ओढणाऱ्या यंत्रणेशी संबंधित असतात. असे जोड सोडवण्यापूर्वी इग्निशन बंद करावे, बॅटरीचा ऋण टोकाचा जोड काढावा आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. पुस्तिका हाताशी नसेल, तर हे जोड सोडवण्याचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. आसन काढलेले असताना इग्निशन चालू करू नये.

पत्रा उघडा झाला की त्यावरचे डाग नीट पाहा. पाणी वाळले तरी त्याची रेघ मागे राहते: धुळीचा ओघळ, गंजाची तांबूस धार, किंवा रंग फुगलेला पट्टा. हे डाग खालून वर शोधत गेले, तर पुष्कळदा पाइपने पाणी मारण्याची वेळ येण्यापूर्वीच अर्धे उत्तर मिळते. डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन पाठीवर झोपून वर पाहावे. ही जागा अडचणीची असल्याने ती टाळली जाते, आणि नेमके तिथेच सर्वांत बोलके ओघळ असतात.

पाण्याची चाचणी

या चाचणीला दोन माणसे लागतात. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचे आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचे. दोन नियम कटाक्षाने पाळावेत. पहिला नियम जोराचा: पाइपच्या तोंडाला फवारा किंवा प्रेशर वॉशर लावू नये, पाणी नुसते वाहू द्यावे, कारण जोराचा झोत चांगल्या रबरालाही उचलून आत शिरतो आणि नसलेली गळती दाखवतो. दुसरा नियम क्रमाचा: पाणी खालून वर न्यावे. आधी दाराचा खालचा भाग, मग काऊल म्हणजे पुढच्या काचेच्या पायथ्याची जाळीदार पट्टी, मग काचेची खालची कड, दोन्ही बाजू, वरची कड आणि शेवटी टप. सुरुवातच टपापासून केली, तर पाणी खाली वाहत सगळ्याच जागा भिजवते आणि कोणत्या जागेने दगा दिला हे कळत नाही.

प्रत्येक जागेवर किमान ५ मिनिटे पाणी सोडावे. काही गळती लगेच दिसते, पण काही ठिकाणी पाणी आधी एखाद्या पोकळीत साचते आणि ती भरल्यावरच बाहेर सांडते. आत बसलेल्या माणसाने संशयित जोडांच्या खाली कोरडा टिश्यू कागद चिकटवावा किंवा पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी. पहिला थेंब त्यावर लगेच उमटतो. गळती दिसताच पाणी बंद करावे, जागा खडूने खूण करून फोटो काढावा, आणि तो भाग पुसून पुढच्या जागेकडे जावे. एक गळती सापडली म्हणून शोध थांबवू नये. जुन्या गाडीत दोन किंवा तीन वाटा एकाच वेळी उघड्या असणे अगदी नेहमीचे आहे.

कधीकधी या चाचणीत काहीच सापडत नाही आणि तरीही पावसात पाणी येते. अशा वेळी गाडीची स्थिती बदलून पाहावी. ती पावसात उतारावर नाक खाली करून उभी राहत असेल, तर चाचणीही तशीच घ्यावी. पाणी फक्त गाडी चालत असताना येत असेल, तर संशय पुढच्या काचेच्या पायथ्यावर घ्यावा, कारण वेगात असताना तिथे हवेचा दाब वाढतो आणि तो पाण्याला बारीक फटीतून आत ढकलतो. आणखी एक युक्ती आहे आणि ती मला फार उपयोगी वाटते. सर्व काचा बंद करून, बाहेरची हवा आत घेण्याची सोय निवडून पंखा पूर्ण वेगाने चालवावा. केबिनच्या मागच्या बाजूला हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा असतील, तर त्यांवर तात्पुरती चिकटपट्टी लावावी. आत थोडा दाब तयार होतो; मग बाहेरून काचांच्या कडांवर आणि पत्र्याच्या सांध्यांवर साबणाचे पाणी ब्रशने लावत गेले, की जिथे फट असेल तिथे बुडबुडे फुगतात.

काऊल: सर्वांत आधी तपासायची जागा

बॉनेटच्या मागे, वायपरच्या मुळाशी जी जाळीदार पट्टी असते तिच्याखाली पत्र्याची एक आडवी पेटी असते. केबिनमध्ये येणारी ताजी हवा याच पेटीतून घेतली जाते आणि काचेवरून ओघळणारे बहुतेक पाणीही याच पेटीत पडते. ते दोन्ही टोकांच्या निचऱ्याच्या वाटांनी, पुढच्या चाकांच्या मागून जमिनीवर सांडावे अशी योजना असते. येथे येणारे पाणी किती असते याचा अंदाज बांधून पाहावा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १ लिटर पाणी. वरून पाहता टप आणि पुढची काच मिळून २ चौरस मीटर जागा धरली, तर २५ मिलिमीटरच्या एका सरीत त्यांच्यावर ५० लिटर पाणी पडते आणि त्याचा मोठा वाटा या पेटीत उतरतो. निचऱ्याची वाट पानांनी, मातीने किंवा उंदराच्या घरट्याने तुंबली असेल, तर पाण्याची पातळी चढत जाते आणि हवा घेण्याच्या तोंडावरून ते थेट पंख्याच्या खोक्यात शिरते. पंखा चालू करताच डॅशबोर्डमागून डुचमळण्याचा आवाज येत असेल, तर दुसरीकडे शोधण्याचे कारण नाही.

साफसफाईसाठी वायपरचे हात काढावे लागतात. त्यापूर्वी काचेवर ते कुठे थांबतात तिथे चिकटपट्टीची खूण करून ठेवावी, म्हणजे परत बसवताना ते तिरके बसत नाहीत. जाळीच्या प्लास्टिकच्या खिट्ट्या जुन्या झाल्यावर ठिसूळ होतात आणि काढताना तुटतात, म्हणून नव्या आधीच आणून ठेवणे शहाणपणाचे. आतला कचरा हाताने आणि व्हॅक्यूम क्लीनरने काढावा. पाइपने धुऊन खाली ढकलू नये, कारण तो निचऱ्याच्या तोंडात घट्ट बसतो. नंतर प्रत्येक बाजूला १ लिटर पाणी ओतून ते चाकामागून लगेच आणि पूर्ण बाहेर पडते का हे पाहावे. पाणी बाहेर येते पण कमी येते, असे आढळले तर उरलेले कुठे गेले ते शोधावे लागेल. जुन्या पिकअपमध्ये या पेटीच्या सांध्यांवर कारखान्यात लावलेला सीलंट कडक होऊन तडकतो, आणि वर्षानुवर्षे ओल्या मातीखाली राहिलेला पत्रा गंजून आरपार भोके पडतात. पेटीतून पंख्याच्या खोक्याकडे जाणाऱ्या तोंडाभोवतीचे स्पंजचे सीलही दाबून पाहावे. बोटाने त्याचा भुगा होत असेल, तर ते बदलावे.

दारे: दारात पाणी शिरतेच

नवशिक्याला हे वाचून आश्चर्य वाटेल, पण दाराच्या पोकळीत पाणी जाणे हा दोष नाही. काच वरखाली होते त्या फटीतली रबरी पट्टी बरेचसे पाणी बाहेर निपटते, पण सगळे अडवत नाही. उरलेले काचेवरून दाराच्या आत उतरते आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर जाते. म्हणून दाराच्या खालच्या कडेची छिद्रे आधी तपासावीत. ती मातीने किंवा नंतर केलेल्या रंगाने बुजलेली असतील, तर बारीक लाकडी काडीने मोकळी करावीत. दार हलवल्यावर आत पाणी खळखळत असेल, तर ही छिद्रे बुजलेली आहेत हे नक्की समजावे. छिद्रे बंद करून गळती थांबेल असे वाटून काही जण त्यांत सीलंट भरतात. असे दार खालून काही पावसाळ्यांत सडते.

दाराच्या आतल्या आवरणामागे प्लास्टिकचा एक पडदा चिकटवलेला असतो. दारात उतरलेले पाणी केबिनच्या बाजूला न येता दारातच खाली जावे, हे त्याचे काम. दुरुस्तीसाठी कधीतरी आवरण काढताना हा पडदा फाटतो, आणि काच वर करणारी यंत्रणा किंवा स्पीकर बदलणारा कारागीर पुष्कळदा तो परत न लावताच आवरण बसवतो. मग पाणी आवरणाच्या मागून थेट उंबऱ्यावर आणि तिथून कार्पेटखाली जाते. दाराचे रबर नवे असूनही उंबरा ओला असेल, तर मी सर्वांत आधी हा पडदा पाहतो. तो फाटला असेल, तर जाड पॉलिथिनचा नवा कापावा, कडेने न वाळणारी ब्यूटाइल पट्टी (चिकट, मऊ रबराची पट्टी) लावून पत्र्यावर दाबून चिकटवावा, आणि खालची कड पत्र्याच्या खाचेतून दाराच्या पोकळीत आत खोचावी. ही खालची कड बाहेर राहिली, तर बाकीचे सारे काम व्यर्थ जाते. नंतर बसवलेल्या स्पीकरसाठी पडद्याला मोठे भोक पाडले असेल, तर स्पीकरच्या मागे प्लास्टिकची वाटी किंवा झडप लावून पाणी वळवावे.

दाराच्या चौकटीवरचे रबर तपासण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. कागदाची पट्टी चौकटीत धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी. दर १० सेंटीमीटरवर हे करत गेले की पट्टी कुठे सहज सुटते ते कळते. किंवा रबरावर खडू घासून दार लावावे आणि उघडावे. समोरच्या पत्र्यावर खडूची रेघ जिथे तुटलेली दिसेल तिथे रबर टेकत नाही. मात्र रबर टेकत नसेल तर दोष रबराचाच असेल असे नाही. दार अर्धे उघडून मागच्या टोकाला धरून वर उचलून पाहावे. ते वरखाली हलत असेल, तर बिजागऱ्या झिजल्या आहेत आणि दार खाली झुकले आहे. आधी बिजागऱ्या दुरुस्त केल्याशिवाय नवे रबर लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. बिजागऱ्या ठीक असून दार थोडे बाहेर राहत असेल, तर चौकटीवरची लॅचची खुंटी पेनाने खूण करून सैल करावी, एका वेळी १ मिलिमीटर आत सरकवावी आणि परत आवळावी.

रबर चपटे, कडक किंवा चिरलेले असेल तर ते बदलणेच योग्य. जुने काढल्यावर चौकटीवरचा डिंक आणि गंज पूर्ण साफ करावा. नवे रबर वरच्या कोपऱ्यांपासून बसवायला घ्यावे, ते ओढून ताणू नये, आणि त्याचा सांधा दाराच्या खालच्या बाजूला यावा. ताणून बसवलेले रबर काही आठवड्यांत आखडते आणि कोपऱ्यात फट पडते. नव्या रबरामुळे पहिले काही दिवस दार जड लागते. ते बसेपर्यंत लॅचला हात लावू नये.

केबिनची मागची बाजू

मागच्या काचेच्या वर असलेला तिसरा ब्रेकदिवा हा पिकअपमधल्या गळतीचा फार जुना आरोपी आहे. अमेरिकेत हलक्या ट्रकांना तो १९९४ च्या मॉडेलवर्षापासून सक्तीचा झाला, आणि त्यासाठी केबिनच्या पत्र्याला वरच्या भागात आरपार भोक पाडून त्यावर दिवा स्क्रूने बसवला जातो. मध्ये स्पंजाचे सील असते. उन्हाने ते दबून चपटे होते, आणि पाणी केबिनच्या मागच्या भिंतीच्या अस्तरामागून उतरून आसनाच्या पाठीमागे साचते. दिवा काढायला काही मिनिटे पुरतात. जुने सील खरवडून पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, गंज असेल तर तो घासून प्रायमर लावावा, आणि नवे सील किंवा ब्यूटाइल पट्टी लावून सर्व स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत. स्पंज निवडताना पाणी न शोषणारा, बंद छिद्रांचा घ्यावा. भांडी घासायच्या स्पंजासारखा उघड्या छिद्रांचा स्पंज स्वतःच पाणी ओढतो. स्क्रू फार आवळले, तर दिव्याचे प्लास्टिक तडकते आणि नवी गळती सुरू होते.

मागची काच सरकती असेल, तर खालच्या रुळाला बाहेरच्या बाजूने निचऱ्याची छिद्रे असतात. ती नायलॉनच्या जाड दोऱ्याने साफ करावीत आणि रुळात थोडे पाणी ओतून ते बाहेरच सांडते हे पाहावे. एवढ्याने गळती थांबली नाही, तर चौकट आणि स्थिर काचा यांमधले सील गेलेले असते, आणि तेव्हा पूर्ण चौकट उतरवून नव्याने बसवण्याशिवाय टिकाऊ उपाय नाही. हवा बाहेर सोडणाऱ्या झडपांच्या कडेचे सीलही याच वेळी पाहून घ्यावे.

पुढची काच

जुन्या पिकअपमध्ये पुढची काच दोनपैकी एका रीतीने बसवलेली असते. पहिल्या रीतीत काचेभोवती जाड रबराची खोबण असते आणि तीच पत्र्याची कड धरते. असे रबर अजून मऊ असेल, तर प्लास्टिकच्या पात्याने त्याची कड हलकेच उचलून काच आणि रबर यांच्यात, तसेच रबर आणि पत्रा यांच्यात न वाळणारे सीलंट भरता येते. बाहेर आलेले लगेच पुसून घ्यावे. रबराला भेगा पडल्या असतील किंवा त्याच्या कडेला रंग फुगलेला दिसत असेल, तर खालचा पत्रा गंजला आहे असे गृहीत धरावे. तिथे वरून काहीही भरले तरी गंज आत वाढतच राहतो. काच उतरवून, गंज धातूपर्यंत घासून, प्रायमर आणि रंग लावून नव्या रबरात ती परत बसवावी लागते.

दुसऱ्या रीतीत काच पॉलियुरेथेनच्या चिकट पट्ट्याने थेट पत्र्याला जोडलेली असते. हे काम घरी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. अशी काच केबिनच्या मजबुतीत भर घालते, आणि पुढच्या प्रवाशाची एअरबॅग असलेल्या अनेक गाड्यांत उघडलेली बॅग या काचेचाच आधार घेते. ती चुकीच्या प्रायमरवर किंवा गंजावर चिकटवली गेली, तर अपघातात निसटू शकते. केसाएवढ्या फटीत झिरपणारे पातळ सिलिकॉन भरून तात्पुरती गळती थांबते हे खरे, पण त्याचा थर पत्र्यावर राहिला तर पुढे पॉलियुरेथेन नीट धरत नाही. काच लवकरच उतरवायची असेल, तर ते वापरू नये.

टप, पन्हाळ आणि तारांची छिद्रे

टपाच्या दोन्ही कडांना पन्हाळ असेल, तर तिच्या तळाचा सीलंट तडकला आहे का हे नखाने टोकरून पाहावे. सैल झालेला भाग खरवडून, गंज काढून, प्रायमर लावून सांध्यांसाठीचा पॉलियुरेथेन सीलंट भरावा आणि वाळल्यावर रंगवावा. टपावरचे दिवे, अँटेना आणि कॅरिअरचे स्क्रू यांना ब्रेकदिव्याचीच रीत लागू पडते. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून तारा जातात तिथली रबरी ग्रोमेट (तारेभोवती भोकात बसणाऱ्या रबरी कड्या) निसटलेली किंवा चिरलेली असतील तर बदलावीत. नंतर बसवलेल्या दिव्यांसाठी किंवा म्युझिक सिस्टिमसाठी नुसते भोक पाडून तार आत घेतलेली असेल, तर तिथे ग्रोमेट बसवावे आणि तारेला भोकाच्या खाली एक वाकण द्यावे, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी वाकणाशी थेंब होऊन पडते. तळाच्या पत्र्यातली रबरी बुचेही जागेवर आहेत का ते पाहावे, कारण हरवलेल्या बुचातून चाकांनी उडवलेले पाणी वर येते.

सीलंट निवडताना

सगळीकडे एकच नळी वापरण्याचा मोह होतो, आणि ती बहुधा स्नानगृहात वापरायच्या सिलिकॉनची असते. वाळताना व्हिनेगरसारखा वास सोडणारे सिलिकॉन पत्र्यावर लावू नये. त्यातून निघणारे ॲसिटिक आम्ल उघड्या लोखंडाला गंजवते आणि त्यावर रंगही बसत नाही. उघडून परत लावायच्या भागांना ब्यूटाइल पट्टी, पत्र्याच्या सांध्यांना पॉलियुरेथेन, रबराच्या खोबणीला न वाळणारे सीलंट आणि दाराच्या रबराला त्याचाच खास डिंक, ही विभागणी लक्षात ठेवावी. कोणताही सीलंट ओल्या, धुळकट किंवा तेलकट पृष्ठभागावर धरत नाही. वाळण्याचा काळ नळीवर लिहिलेला असतो; तो पाळावा आणि किमान २४ तास त्यावर पाणी सोडू नये. चांगल्या स्थितीतल्या रबरांना सिलिकॉनचे वंगण पातळ लावले की ती मऊ राहतात, पण ग्रीस किंवा इंजिनचे तेल कधीही लावू नये. दाराची रबरे बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात आणि खनिज तेलाने ती फुगून सैल होतात.

परत जोडणी करण्यापूर्वी

एका वेळी एकच दुरुस्ती करून पुन्हा पाण्याची चाचणी घ्यावी. चार ठिकाणी एकदम काम केले, तर कशाने गुण आला ते कळत नाही आणि पुढे गळती परतली की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. केबिन उघडी आहे तोवर तळाच्या पत्र्यावरचा गंज तारेच्या ब्रशने घासून, प्रायमर आणि रंग लावून घ्यावा. आसनाच्या किंवा सीटबेल्टच्या बोल्टभोवतीचा पत्रा पेचकसाच्या टोकाने दाबल्यावर आत जात असेल, तर तिथे रंग लावून झाकू नये. तो भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवून घ्यावा आणि तोपर्यंत त्या आसनावर कोणालाही बसवू नये.

कार्पेट आणि अस्तर पूर्ण वाळल्यावरही, शक्य असेल तर, दोन चांगल्या सरी उघड्या पत्र्यावरच जाऊ द्याव्यात. गाडी नेहमीच्या जागी उभी करून, पावसानंतर चारही कोपऱ्यांत आणि आसनांच्या मागे कोरडा कागद फिरवून पाहावा. तो कोरडा निघाला की कार्पेट अंथरावे, आसनांचे आणि बेल्टचे बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळावेत, वायरजोड आधी लावून बॅटरी शेवटी जोडावी, आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा इशारादिवा विझतो हे पाहावे. त्यानंतरचा पहिला महिना दर पावसानंतर उंबऱ्याची पट्टी उचलून अस्तराखाली एक बोट घालून पाहत जावे.